पेअरची आढी

गांधीलमाशीशी माझं काही वैर नव्हतं. मी देवगडकडची. पडवीच्या वाशाला पोळं लागलं की वडील म्हणायचे, तिच्या वाटेला जाऊ नका, ती तुमच्या वाटेला येणार नाही. हा तह मी इथे कॅनडात, ग्वेल्फमध्ये येऊनही चाळीसेक वर्षं पाळला. यंदा तो मोडला तो तिनं. मी नाही. तेव्हा पुढे जे काही झालं, त्याचं मला तसूभरही वाईट वाटत नाही.

आमच्या बॅकयार्डात पेअरचं झाड आहे. ते राजननी लावलं. राजन म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला इथल्या फोनवरच्या रिसेप्शनिस्ट बायकांनी लावली, माझा दोष नाही. आयुष्यभर पूल बांधलेला हा माणूस रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन मागे गेला, तो जवळजवळ तिकडेच राहायला गेला. टोमॅटो, मेथी, अळू, दोडक्याचा मांडव, आणि सगळ्यांत लाडकं हे पेअरचं झाड. त्याच्यावरून ते कुणाशीही भांडतील. एकदा शेजारच्यांनी कुंपणावरून आलेली फांदी न विचारता छाटली, तर हे आठवडाभर त्यांच्याशी हवापाण्याबद्दलसुद्धा बोलले नाहीत. कॅनडात याहून मोठी शिक्षा नाही.

झाड त्यांचं असलं तरी झाडाचा नियम माझा. गणपतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय एकही फळ उतरवायचं नाही. पहिलं फळ देवाचं, आणि देवाचं फळ म्हणजे झाडावर पिकलेलं. यातला पहिला भाग माझ्या आईचा आणि दुसरा मी आपल्या मनानं जोडलेला. आजवर त्यानं काही बिघडलं नाही. गेल्या वर्षी गणपती ऑगस्टच्या अखेरीस आले. फळं जरा कडक होती, देवानं तक्रार केली नाही. यंदा मात्र अधिक महिना आला आणि गणपती गेले सप्टेंबरच्या मध्यावर. पेअरचं झाड काही पंचांग बघत नाही. त्यात यंदा ते असं लगडलेलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. ते आपल्या वेळेला पिकलं, गळायला लागलं, आणि आयत्या बिळावर नागोबा तशा या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या बाया येऊन बसल्या.

इथली गांधीलमाशी आपल्याकडच्या तांबडीपेक्षा लहान, पण फार खाष्ट. उन्हाळाभर ती किडे खाऊन सज्जनासारखी राहते. ऑगस्ट सरत आला की तिला गोडाची चटक लागते. फळाला नखाएवढं भोक पाडून आत शिरते आणि आतल्या आत कोरत बसते. वरून बघाल तर फळ जसंच्या तसं. राजननी असंच एक पडलेलं फळ उचललं, आणि आतल्या बाईसाहेब बाहेर येऊन त्यांच्या मानेला चावल्या.

मी ओट्याशी होते. ते आत येऊन म्हणाले, "जरा बर्फ दे गं." मी बर्फ काढून वळेपर्यंत त्यांचे ओठ सुजले होते आणि आवाज घशातून येईना. मी नाइन-वन-वनला फोन केला. ॲम्ब्युलन्स आली, मांडीत इंजेक्शन दिलं, हॉस्पिटलात नेलं, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही घरी परत आलोसुद्धा. पण मधल्या त्या काही मिनिटांत मी माझ्या नवऱ्याला श्वासासाठी धडपडताना बघितलं. ते मी कुणाशी फारसं बोलत नाही.

तिथली डॉक्टर तरुण होती, पण बोलणं ठाम. म्हणाली, इंजेक्शनचं पेन सतत जवळ ठेवा, पुढे स्पेशालिस्टकडे ॲलर्जीची लस सुरू करू, आणि माश्यांपासून सांभाळा. मग दारापाशी थांबून म्हणाली, पण घरात कोंडून घेऊ नका हं. तुमच्या हृदयाला रोजचं चालणं हवंच आहे.

आमच्या यजमानांनी यातलं फक्त सांभाळायचं तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पॅटिओच्या काचेच्या दाराचे ब्लाइंड्स खाली सोडले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशीही तिथेच. टोमॅटो वेलीवर फुटून गेले, विचारलं नाही. मेथीला पाणी घातलं का, विचारलं नाही. टीव्हीवर कर्लिंगच्या जुन्या मॅचेस चालू; ज्या माणसानं इतक्या वर्षांत कर्लिंगला 'बर्फावरचं केर काढणं' याशिवाय नाव दिलं नाही, तो ते टक लावून बघत होता. खुर्चीतून उठताना हात टेकायला लागले. चावली माशी एकदाच, पण माणूस रोज थोडा थोडा म्हातारा व्हायला लागला.

आमची मुलगी गौरांगी ओटावाला असते, तिथल्याच कनाटा भागात नोकरी करते. तिनं व्हिडिओ कॉल केला.

"आई, इट्स नॉट अ जोक. नेक्स्ट टाइम ॲम्ब्युलन्सला लेट झालं तर? ते झाड काढून टाका. आय ऑलरेडी फाउंड समवन. सॅटर्डेला येतील, स्टम्पसकट काढतील."

"अगं, ढेकूण मारायला घर जाळतात का?" मी म्हटलं. "आणि बाबांना विचार आधी. झाड त्यांचं आहे."

मी फोन त्यांच्याकडे वळवला. मला खात्री होती, आता हा माणूस उसळणार. फांदीसाठी आठवडाभर अबोला धरणारा माणूस झाडासाठी काय करील, हे बघायला मी सरसावून बसले होते.

राजन टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "टाका तोडून. नाहीतरी आता कोण जातंय मागे."

गौरांगीला हायसं वाटलं. मला मात्र नाही. झाड गेलं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि विसरले असते. पण झाड जाताना या खुर्चीतल्या माणसानं मान वर करून बघितलंही नसतं, तर त्याला परत उठवायला मी कशाचं आमिष दाखवणार होते? शनिवारच्या आत मला अंगण माश्यांपासून मोकळं करायचं होतं, आणि हा माणूस त्यात उभा करायचा होता. फोन ठेवल्यावर मी मोठ्यांदा म्हणाले, "माझं झाडही राहील आणि माझा नवराही." त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता माझी पहिली चाल सांगते, कारण ती फसली आणि तिची मला लाज नाही. माझी मैत्रीण सुरेखा मिसिसागाला असते. तिला कुठल्याही दुखण्यावर उपाय विचारा, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाली, "अगं, सोप्पं आहे. बाटलीत गुळाचं पाणी भर, झाडाला टांग. माश्या आत शिरतात, बाहेर येता येत नाही. ट्रॅप गं, ट्रॅप. स्टोअरमध्ये विकत मिळतात, आपण घरी करायचे." पटलं मला. चांगला कोल्हापुरी गूळ किसला, कोमट पाण्यात विरघळवला, बाटल्या भरल्या आणि झाडाच्या प्रत्येक फांदीला बांधल्या.

गूळ म्हटल्यावर मुंगळे येणारच, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला सत्तरी ओलांडून कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झाड गुणगुणत होतं. आमच्या गल्लीतल्या, पलीकडच्या पार्कातल्या आणि माझा संशय आहे की युनिव्हर्सिटीच्या बागेतल्यासुद्धा सगळ्या गांधीलमाश्या आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. बाटल्यांत बुडाल्या थोड्या, आणि बाकीच्या पेअरवर ताव मारत होत्या. म्हणजे पाहुण्यांना पत्ता मीच धाडला. उन्हं उतरल्यावर, माश्या कमी झाल्या तेव्हा, मी जाऊन बाटल्या सोडवल्या, त्यात मधमाश्या येऊ नयेत म्हणून व्हिनेगर ओतलं आणि झाडापासून लांब, पार मागच्या कुंपणाला नेऊन बांधल्या. तिथे मात्र त्यांनी बरं काम केलं. सुरेखाला मी फोनवर दोन शब्द सुनावले. ती म्हणाली, "झाडालाच बांधायला कुणी सांगितलं होतं?" तिनंच सांगितलं होतं.

सकाळी गवतावर एक पेअर दिसलं. पिवळंधमक, देखणं, कुठे भोक नाही, डाग नाही. झाडावर पिकून अलगद खाली आलेलं. माझ्या नियमाप्रमाणे अगदी देवाच्या ताटात ठेवावं असं. मी ते आत आणलं आणि विळीवर धरलं. आत तपकिरी लगदा. देठापासून बुडापर्यंत गाभा कुजलेला. माशीनं हात लावला नव्हता. फळ आपलं आपणच आतून सडलं होतं. आणखी दोन आणून कापली. तीच गत.

मी विळीपुढे बसून राहिले. मग मला हसू आलं. अहो, आम्ही देवगडची माणसं. आमची कलमं होती. आंबा कधी कुणी सगळा झाडावर पिकवला आहे का? एखाद-दुसरा आंबा आपणहून पिकून खाली आला की वडील म्हणायचे, पाड लागला. पाड लागला म्हणजे झाडानं निरोप दिला, बाकीचे तयार झाले, उतरवा. मग हिरवे, कडक आंबे काठीला जाळी लावलेल्या झेल्यानं उतरवायचे, पिकायला पेंढ्यात आढी घालायची आणि धीर धरायचा. झाडावर ठेवले तर पाखरं, वटवाघळं, किडे. तुमच्या वाट्याला कोय. हे सगळं मला पाठ होतं. आणि तीच मी इतकी वर्षं या बिचाऱ्या पेअरला फांदीवर टांगून ठेवून सांगत होते, पिक, इथेच पिक, गणपती येईपर्यंत पिक! कॅनडात आल्यावर थंडीबरोबर अक्कलही गोठते की काय कोण जाणे. पहिली माशी फळावर बसली तोच पाड होता. तिनं निरोप दिला, मी तिच्याशी भांडत बसले.

नियम मी केला होता. मोडायला कुणाला विचारायचं नव्हतं. देवाला पहिलं फळ द्यायचं ते दिलंच असतं. ते झाडावरून थेट द्यायचं की तळघरातून, हे त्यानं मला कधी सांगितलेलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे गारठा होता. गांधीलमाशी थंडीत आळसावते, ऊन अंगावर आल्याशिवाय उडत नाही. तेवढा वेळ माझा. मी राजनचा थंडीचा जाड पार्का चढवला, हूड बांधलं, स्नो पँट, स्नो बूट, हातमोजे, आणि डोळ्यांवर गौरांगीचा शाळेतला स्कीइंगचा गॉगल. झेला मी आदल्या दिवशीच केला होता. छपरावरचं बर्फ ओढायचा लांब दांडा असतो ना, त्याच्या टोकाला तारेचं हँगर वाकवून कडं केलं आणि त्याला कांद्यांची जाळीदार पिशवी शिवली. वडिलांनी बघितला असता तर दोन चुका काढल्या असत्या, पण वापरला असता.

पेअर तयार झालं की नाही, हे देठ सांगतो. फळ आडवं उचललं आणि देठ टकन सुटला तर तयार. अडून बसला तर राहू दे. जवळजवळ सगळी सुटली. हिरवी, टणक, एकेक हातात धरलं की बरं वाटावं अशी. भोकं पडलेली आणि खाली सडलेली मी वेगळ्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधलं. शेजारीणबाई कुत्रा फिरवायला बाहेर पडल्या, मला त्या वेशात बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "उमा, आर यू ओके?"

"नेव्हर बेटर," मी म्हटलं. ते खरंच होतं.

अर्धं झाड रिकामं झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पॅटिओच्या दाराचा ब्लाइंड खालून वीतभर वर सरकला आहे. तिथे राजनचे स्लीपर दिसत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. ऊन कुंपणावर आलं, पहिल्या दोन माश्या झोपेतून उठल्यासारख्या भिरभिरत आल्या, आणि मी शेवटची टोपली घेऊन आत शिरले. स्लीपर खुर्चीजवळ परत गेले होते.

बेसमेंटमध्ये मी जुन्या वर्तमानपत्रांवर आढी घातली. एक थर फळांचा, एक थर कागदांचा, वर जुनी गोधडी. मग गौरांगीनं ठरवलेल्या माणसाला फोन करून सांगितलं, झाड राहणार, येऊ नका. नंतर गौरांगीला सांगितलं.

"आई! यू कान्ट जस्ट... बाबा काय म्हणाले?"

"बाबांना विचारून काय करू? ते सध्या कर्लिंग बघतात."

फळं गेल्यावर माश्यांचं आमच्याकडे काही काम उरलं नाही. एक-दोन दिवस चौकशीला आल्या, रिकाम्या फांद्यांवर फिरल्या, कुंपणाजवळच्या बाटल्यांत काही बुडाल्या, आणि बाकीच्या निघून गेल्या. मी रोज गवत तपासत होते. दुपारच्या चहाला मी पॅटिओचं दार उघडायची आणि बाहेर खुर्ची टाकून बसायची, दुसरी खुर्ची रिकामी ठेवून. "आज एकही नाही हो," मी आत ओरडून सांगायची. आतून उत्तर यायचं, "बरं." ते काही आले नाहीत. मी राजनची बायको आहे, मला हरायची सवय नाही. पण एका दुपारी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला रडू आलं. चहात पडू नये म्हणून कप बाजूला ठेवला.

गणपतीच्या आदल्या दिवशी गौरांगी आली. आढी उघडली तेव्हा बेसमेंटभर असा वास दरवळला की ती जिन्यातच थांबली. फळं पिवळी झाली होती, देठाजवळ दाबलं की किंचित दबत होती. चाखून बघितलं नाही. नैवेद्य कुणी चाखत नाही. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, मोदकांशेजारी पेअर ठेवली, आणि आरतीनंतर मी पहिलं फळ विळीवर धरलं. आत पांढरंशुभ्र, रसाळ, लोण्यासारखं. इतक्या वर्षांत आम्ही आमच्याच झाडाचं फळ असं कधी खाल्लं नव्हतं. राजननी फोड तोंडात टाकली. मग दुसरी उचलली.

आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन बॅकयार्डात, मोठ्या टबात. मूर्ती शाडूची, माती विरघळली की ते पाणी झाडाच्या बुंध्याशी घालायचं. दरवर्षी मूर्ती राजन उचलतात.

"आई, यंदा किचनमध्येच बकेटमध्ये करू," गौरांगी हळूच म्हणाली. "व्हाय टेक द रिस्क?"

"बाप्पा काय पोछा आहे, बादलीत बुडवायला?" मी म्हटलं. टब मी केव्हाच भरून ठेवला होता, नेमका झाडाखाली. "तुझ्या खिशात इंजेक्शन आहे ना? मग झालं."

मी हे ताठ मानेनं बोलले. आतून माझा जीव टांगणीला लागला होता. मी चुकले तर काय, हे मला गौरांगीपेक्षा जास्त माहीत होतं. मी ते बघितलेलं होतं.

विसर्जनाची आरती झाली. राजन मूर्तीसमोर उभे राहिले. मूर्तीकडे बघितलं, मग काचेच्या दाराकडे. गौरांगीनं हात पुढे केले, "बाबा, मी घेऊ?" मी तिच्या त्या हातांत आरतीचं ताट दिलं.

"अनवाणी जायचं ना?" राजननी विचारलं.

"बूट घाला. बाप्पाला चालतं."

रेशमी सोवळं आणि पायात स्नो बूट अशा थाटात त्यांनी मूर्ती उचलली. मी दार सरकवलं. उंबऱ्यावर ते थांबले. आयुष्यात फार कमी वेळा मी गप्प बसले आहे, त्यातली ही एक. मग त्यांनी पाऊल बाहेर टाकलं. गौरांगी ताट ठेवून टाळ्या वाजवत ओरडली, "गणपती बाप्पा!" आणि त्यांनी दबक्या आवाजात "मोरया" म्हटलं. अर्ध्या वाटेवर एक गांधीलमाशी आली. एकच. मूर्तीच्या हातातल्या मोदकाभोवती फिरली, मग राजनच्या मनगटाभोवती. दोन्ही हातांत देव. झटकायची सोय नाही. गौरांगीच्या टाळ्या थांबल्या, तिचा हात खिशात गेला. राजन जागच्या जागी उभे राहिले, श्वास रोखून. माशीला गोड काही मिळालं नाही. ती कुंपणाकडे निघून गेली.

राजननी मूर्ती टबात सोडली. तीन वेळा बुडवून काढली, नमस्कार केला. त्यांच्या पाठीला घाम आला होता. मी म्हटलं, "चला आत, पानं वाढते," आणि गौरांगीला घेऊन आत आले. वरण गरम केलं, पानं मांडली. ते आले नाहीत.

मी खिडकीतून बघितलं. सोवळ्याचा कासोटा वर खोचून ते झाडाच्या बुंध्याशी वाकले होते आणि गवत उपटत होते. मला बघून त्यांनी मातीचा हात उगारला.

"काय अवस्था केलीस गं माझ्या अंगणाची!" ते कडाडले. "मेथी वाळून काडी झाली, दोडक्याचा मांडव कलंडलाय, टोमॅटोत रान माजलंय. पंधरा दिवस घरात काय बसलो, तुला साधं पाणी घालता आलं नाही?"

गौरांगी माझ्याकडे बघायला लागली. मी उलटून बोलणार याची तिला खात्री होती. माझ्याकडे उत्तरं भरपूर होती. मी खिडकी नीट उघडली, त्यांचं ओरडणं सगळं ऐकू येईल इतकी, आणि वाढलेली पानं झाकून ठेवली. अंधार पडेपर्यंत मी त्यांना जेवायला हाक मारली नाही.